शहाण्या मुलाची काळजी

पत्राचा गोषवारा : नाव-गाव छापू नये या विनंतीसह नाशिक जिल्ह्यातून एका आईचं पत्र आलं आहे. त्यांचे पती स्वतःचा छोटा टेम्पो चालवत, हंगामात शेतकऱ्यांचा कांदा बाजार समितीत पोचवत. एप्रिल २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, अकरा दिवसांच्या आजारपणात ते गेले. तेव्हा मुलगा दहा वर्षांचा होता, मुलगी पाच. पुढे हप्ते थकले आणि टेम्पो विकावा लागला. आता त्या बावीस डबे करतात. सासूबाई सोबत असतात. मुलगा दहावीत आहे. पहाटे उठून डबे भरू लागतो, शाळेत जाताना नऊ डबे पोचवतो, डब्यांची वही तोच लिहितो. वडील गेल्यापासून तो कधी रडला नाही, कधी काही मागितलं नाही. शाळेची रायगडची सहलही 'मला नाही आवडत' म्हणून टाळली. मुलगी मात्र हट्टी, आदळआपट करणारी. बाबा कसे गेले, मला का नाही नेलं, तू टिकली का लावत नाहीस, असं विचारत राहते. मध्यंतरी 'मला बाबांचा आवाज आठवत नाही' म्हणून रात्रभर रडली. आईचे प्रश्न दोन : मुलीला तिच्या भावासारखं समजूतदार कसं करायचं? आणि दहावीनंतर शाळा सोडून 'बाबांसारखा टेम्पो घेईन' म्हणणाऱ्या मुलाला अडवायचं की नाही?

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मुलगी दिसली, कारण चारातली तीन पानं तिच्यावरच आहेत. दुसऱ्यांदा तुम्ही दिसलात. मुलगा मला तिसऱ्या खेपेला दिसला आणि तेव्हापासून डोळ्यांपुढून हलत नाही. त्याच्याबद्दल तुम्ही एकच वाक्य ठामपणे लिहिलंय : 'त्याची मला काहीच काळजी नाही.'

मला त्याचीच काळजी वाटते. म्हणून मनातलं आधीच सांगून टाकते. मुलीला भावासारखं करायला जाऊ नका. जमलं तर त्याला थोडं तिच्यासारखं होऊ द्या.

तुम्ही लिहिलंय की पाचव्या दिवशी फोनवर त्याच्या मोठ्या काकांनी त्याला सांगितलं, 'रडायचं नाही. आता घरातला कर्ता तू. आईला सांभाळायचं.' काकांचा हेतू वाईट नसणार. आपल्याकडे मयताच्या घरी हे वाक्य कितीतरी मुलांच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं जातं. म्हणणारा चहा पिऊन, किंवा त्या दिवसांत फोन ठेवून, मोकळा होतो. दहा वर्षांचं पोर मात्र ते अक्षरशः खरं धरतं. त्यानंतर पाच वर्षांत तो रडला नाही, कारण त्याला तसं सांगितलं होतं. सहलीला गेला नाही, कारण वहीत महिन्याला किती उरतात ते त्याला ठाऊक आहे. तुम्ही याला समजूतदारपणा म्हणता, शेजारीपाजारीही म्हणत असतील. मला त्यात पाच वर्षं न संपलेली कामाची एक पाळी दिसते. ती पाळी संपली असं त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.

हे मला इतकं लगेच का दिसलं, ते सांगायला हवं. मी गिरणगावातली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा बाबा विणखात्यात होते. अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यातले एक. आईकडे तेव्हा सहा जण खाणावळीला होते. संप लांबला तसे ते एकेक करून कोकणात गावी निघून गेले, काहींची तीन-तीन महिन्यांची उधारी राहिली. मग आईने कचेरीतल्या लोकांचे डबे धरले. बाबा पुन्हा कामावर गेलेच नाहीत. १९८४ च्या पावसाळ्यात काविळीने गेले. मी बारा वर्षांची होते, भाऊ सात. भाऊ अंथरूण ओलं करायचा, शाळेत मारामाऱ्या करायचा, एकदा त्याने शेजारच्या खोलीची काच फोडली. मी पोळ्या लाटायचे. अख्खी चाळ म्हणायची, 'पोरगी किती शहाणी, आईचा उजवा हात.' मला ते ऐकायला आवडायचं, हेही खरं आहे. शहाणपणाशिवाय माझ्याजवळ दुसरं काही उरलंच नव्हतं.

बाबांसाठी मी पहिल्यांदा रडले तेव्हा तीस उलटले होते आणि मांडीवर माझी मुलगी होती. बाजूला आई लसूण सोलत बसलेली. ती मान वर न करता म्हणाली, 'तुझ्यावर मी फार टाकलं गं.' तेवढंच. मग तिने सांगितलं की त्या काळात ती पहाटे स्टोव्ह पेटवायच्या आधी मोरीत नळ सोडून रडायची, मला ऐकू जाऊ नये म्हणून. मी जागी असायचे. मला ऐकू यायचं. आणि तिला कळू नये म्हणून मी झोपेचं सोंग घ्यायचे. अठरा वर्षं आम्ही दोघी एकमेकींना असं जपत होतो, आणि दोघीही एकेकट्या होतो.

तुमच्या घरात हेच चाललंय असं माझं म्हणणं नाही. पण तुम्हीही लिहिलंय, 'मी मुलांसमोर कधी डोळ्यांतून पाणी काढलं नाही.' ताई, तुम्ही हे अभिमानाने लिहिलंय आणि त्यामागची धडपड मला कळते. फक्त एवढं बघा, की तुमच्या मुलाने हे कुणाकडून उचललं असेल.

आता पत्रातल्या दुसऱ्या पानावरची एक ओळ. 'आधी ताप मुलाला आला होता, साधाच, दोन दिवसांत उतरला, मग ह्यांना आला.' हे लिहून तुम्ही पुढे हॉस्पिटलच्या बिलाकडे वळलात. मी तिथेच थांबले. कारण हे गणित दहा वर्षांच्या मुलाला सहज जमतं. तो बाहेर खेळायला गेला, त्याला ताप आला, मग बाबांना आला, मग बाबा गेले. लहान मुलं घरात घडलेल्या वाईटाचं कारण स्वतःत शोधतात. मोठ्यांना जे निव्वळ योगायोग वाटतात, ते त्यांना गुन्हे वाटतात. तो असं मानतोच, असं मी इथे बसून सांगू शकत नाही. पण पाच वर्षं काही न मागणारा, स्वतःवर एक रुपया खर्च होऊ न देणारा मुलगा काहीतरी फेडतोय की काय, हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचाराच.

त्याला एकदम समोर बसवून 'तुझा काही दोष नव्हता' असं म्हणू नका. तो 'मला माहितीये' म्हणेल आणि डबे घासायला उठेल. तुमच्यापासून सुरुवात करा. तुम्हीच लिहिलंय की दोन दिवस आधी दवाखान्यात नेलं असतं तर, हा विचार अजून रात्री छळतो. ते त्याला सांगा. समोरासमोर नको, दोघांचे हात कामात असतील, नजर कुठेतरी दुसरीकडे असेल अशा वेळी. 'मला अजून वाटतं मी उशीर केला. तुलाही कधी असं काही वाटतं का?' मग गप्प राहा. ही शांतता भरून काढायची घाई करू नका, ती त्याला लागणार आहे. बोलला तर खरं तेच सांगा : बाबा त्या एप्रिलमध्ये रोज बाजार समितीत जात होते, उन्हाळ कांद्याचा हंगाम होता, रोज पन्नास माणसांशी संबंध यायचा. कुणाचा आजार कुणाला लागला हे तेव्हा कुणालाच सांगता येत नव्हतं आणि आजही येणार नाही. नाही बोलला तर विषय सोडून द्या. दार कुठे आहे ते त्याला कळलं, एवढं पहिल्या वेळी पुरे.

एक मर्यादा मात्र पाळा. तुमचं सगळं रडणं त्याच्या खांद्यावर नको, नाहीतर त्याला आणखी एक काम लागेल. त्याच्यासमोर डोळे भरून आले तर येऊ द्या, 'आज बाबांची आठवण आली' म्हणा आणि पुन्हा कामाला लागा. त्याला एवढंच दिसायला हवं की आई रडते आणि तरी मोडत नाही. मनसोक्त बोलायला तुमच्या वयाचं माणूस हवं : बहीण, मैत्रीण, तुमच्यासारखंच सोसलेली गल्लीतली एखादी बाई. सासूबाईंनीही मुलगा गमावलाय. तुम्ही दोघी त्याबद्दल एकमेकींशी बोलता का, हे पत्रात कुठेच नाही.

आता मुलीकडे येते. तिला हट्टी म्हणण्याआधी तिचे प्रश्न पुन्हा वाचून बघा. एकही वावगा नाही. पाच वर्षांची असताना तुम्ही तिला 'बाबा देवाघरी गेले' एवढंच सांगितलंत. त्या वयाला आणि त्या दिवसांत तुम्हाला तेवढंच शक्य होतं. पण मूल मोठं होतं तसं गेलेलं माणूस पुन्हा नव्याने कळतं. पाचव्या वर्षी 'परत येणार नाही' याचा पुरता अर्थ लागत नाही, दहाव्या वर्षी लागतो. म्हणून तुमची मुलगी आत्ता रडते आहे. हे दुःख उशिरा आलेलं आहे, खोटं नाही.

आळंदीच्या चार भावंडांची गोष्ट आपल्या सगळ्यांना माहीत आहे. आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतल्यावर मागे राहिलेली पोरं. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानदेव ताटी लावून आत बसले, तेव्हा ती उघडायला लावली ती सगळ्यात धाकट्या मुक्ताईने. तुमच्या घरातही धाकटीच दार वाजवते आहे. आवाज मोठा आहे, मान्य. पण आत बसलेल्यांना तो ऐकू जायला हवाच होता.

तिला खरं सांगा, साध्या शब्दांत. बाबांना करोना झाला. फुप्फुसांना सूज आली, श्वास घेता येईना. डॉक्टरांनी प्रयत्न केले, पण शरीर थांबलं. तुला नेलं नाही, कारण कुणालाच आत जाऊ देत नव्हते, मलाही नाही. शेवटचं वाक्य नक्की सांगा. आईने मला मुद्दाम मागे ठेवलं, असं तिला वाटत असेल. 'झोपी गेले', 'देवाला आवडले म्हणून नेलं' ही वाक्यं आता सोडा, कारण झोपेची आणि देवाची भीती अशीच बसते. ती तोच प्रश्न चार दिवसांनी पुन्हा विचारेल, तेव्हा पुन्हा तेच उत्तर द्या.

आणि टिकली. तिच्या मनात एवढंच आहे की बाबा गेले आणि त्यांच्यामागून आईचा ओळखीचा चेहराही गेला. लावायची की नाही हा तुमचा निर्णय, त्यात माझं किंवा शेजाऱ्यांचं काही चालू नये. पण लावावीशी वाटत असेल आणि फक्त लोकांसाठी थांबला असाल, तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांच्या कुंकू पुसण्यासारख्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना त्याचं अनुकरण करायला सांगितलं, हे तुमच्या कानावर घालते. एका गावाला जे जमलं ते तुमच्या गल्लीला जड जाऊ नये.

त्या वर्षी विधी धड झाले नाहीत, ही खंतही तुमच्या पत्रात आहे. आता करा. पाच वर्षं उलटली म्हणून काही बिघडत नाही. येत्या पितृपक्षात पानात काय वाढायचं ते मुलांना ठरवू द्या. एक डबा करा, डब्यांच्याच धंद्यातला एखादा जुना, आणि त्यात त्यांच्या वस्तू ठेवा : घड्याळ, लायसन्स, टेम्पोच्या किल्लीचा जुडगा. मुलांना हवा तेव्हा उघडता येईल असा तो हाताशी असू दे, माळ्यावर नको.

आता शाळेचं. 'अडवू की नको' असं तुम्ही विचारता, पण मला वाटतं हे दोन्ही सोडून तिसरं काही करावं लागेल. नुसतं अडवलंत तर तो ऐकेल, कारण तो तुमचं सगळंच ऐकतो, आणि अकरावीत बसून मनात डबे मोजत राहील. जाऊ दिलंत तर काकांचं वाक्य तुम्हीच पक्कं केल्यासारखं होईल. शिवाय साधी गोष्ट : टेम्पोसारखी मालवाहू गाडी वीस पूर्ण झाल्याशिवाय चालवता येत नाही, आणि अल्पवयीन मुलगा गाडी चालवताना सापडला तर पालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे चार-पाच वर्षं तो टेम्पो चालवणारच नाही, दुसऱ्याच्या टेम्पोवर हमाली करेल. हे त्याला सांगा. टेम्पोचं स्वप्न मात्र पुसू नका. बाबांची आठवण त्याने बोलून दाखवलेली ही एवढी एकच जागा आहे. 'टेम्पो घे, पण शिकून घे. मोटार मेकॅनिकचा आयटीआय कर, म्हणजे गाडी तुझीच राहील आणि दुरुस्तीसाठी कुणाचं तोंड बघावं लागणार नाही,' असं म्हणता येईल. दहावीनंतर डिप्लोमाचाही रस्ता आहे. हे वाचणाऱ्या ज्या घरांत मुलाची शाळा आधीच सुटली असेल, त्यांच्यासाठी : बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी-बारावी बाहेरून देता येते. सुटलं म्हणजे संपलं असं नसतं.

आणि ती वही परत तुमच्याकडे घ्या. वही त्याच्याकडे आहे तोवर तो कर्ता आहे. पण हिसकावू नका. एका रविवारी तिघं-चौघं बसा, किती येतात, किती जातात, शिल्लक काय, हे मुलीसमोरही मोकळेपणाने मांडा. त्याला डब्यांचा हिशेब माहीत आहे, घराचा नाही. पोस्टात काय आहे, सासूबाईंच्या नावावर काय आहे, अडीनडीला मामा किती देऊ शकतात, हे त्याला कुणी सांगितलेलं नसेल. अर्धवट माहितीवर मुलं घर प्रत्यक्षापेक्षा गरीब धरून चालतात. मग म्हणा, 'इथून पुढे हे मी बघते.' नऊ डब्यांपैकी वाटेवरचे तीन-चार त्याच्याकडे राहू द्या, कारण त्या कामाचा त्याला अभिमान आहे आणि तोही एकदम काढून घेणं बरं नाही. बाकीच्यांसाठी परीक्षेपर्यंत कुणीतरी धरा. त्याचे पैसे जातील. जाऊ द्या.

ते कुठून आणायचे, हे तुम्ही विचारणार. तुमच्या पत्रात बाल संगोपन योजनेचा उल्लेख नाही, म्हणून लिहिते. आई किंवा वडील यांपैकी एक गेलेल्या, अठरा वर्षांखालच्या मुलाला या योजनेतून दरमहा २,२५० रुपये मिळतात. तुमच्या दोन्ही मुलांसाठी अर्ज करता येईल. त्यासाठी जिल्ह्याच्या महिला व बाल विकास कार्यालयात किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात जावं लागतं. मंजुरी बाल कल्याण समिती देते. मृत्यूचा दाखला, मुलांचे आधार, शाळेचे बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड एका पिशवीत घालून न्या. करोनात पती गमावलेल्या बायकांसाठी २०२१ साली 'मिशन वात्सल्य'खाली तालुक्याच्या पातळीवर समित्या नेमल्या होत्या. त्या वेळी तुमची नोंद झाली होती का, ते तहसीलमध्ये विचारा. अंगणवाडी सेविकेला बरोबर घेतलंत तर खेटे कमी पडतील. पैसे दर महिन्याला वेळेवर येतीलच असं धरून चालू नका, पण अर्ज करा. ही भीक नाही, मुलांच्या हक्काचे पैसे आहेत.

मुलाच्या वर्गशिक्षकांना एकदा भेटा. तक्रार घेऊन नाही, फक्त घरची परिस्थिती आणि एप्रिल महिना त्याच्यासाठी कसा असतो ते सांगायला. आणि डोळे उघडे ठेवा. जेवण तुटलं, झोप उडाली, आवडती माणसं नकोशी झाली, 'मी नसतो तर बरं झालं असतं' अशा अर्थाचं काही बोलला, तर थांबू नका. 'तुला जगू नये असं वाटतं का?' असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट, आधीपासून असेल तर बाहेर यायला वाट मिळते. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं आणि चोवीस तास चालतो. मुलांसाठी १०९८ आहे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग असतो. तुमच्यासाठीही तोच नंबर आहे, ताई. पाच वर्षं पहाटे साडेतीनला उठणाऱ्या बाईलाही तो फिरवता येतो.

हे सगळं एका आठवड्यात करायचं नाहीये. पहिल्यांदा एकच करा. मुलगी म्हणाली ना, बाबांचा आवाज आठवत नाही. तुम्ही लिहिलंय की त्या रात्री तिला थोपटताना काय उत्तर द्यावं ते सुचेना. तिला भावाकडे पाठवा. तो तेव्हा दहा वर्षांचा होता, बाबांच्या शेजारी बसून बाजार समितीत जायचा. बाबा गाडी चालवताना काय गुणगुणायचे, हॉर्न कसा वाजवायचे, तिला कोणत्या नावाने हाक मारायचे, हे त्याच्याजवळ आहे. घरात ते तिला देऊ शकेल असं दुसरं कुणी नाही, तुम्हीसुद्धा नाही. आणि त्याच्याकडे पैसा, कष्ट, शहाणपण सोडून दुसरं काही मागणारं इतक्या वर्षांत कुणी आलेलं नाही.

पहिल्यांदा तो 'मला नाही आठवत' म्हणेल. ती पुन्हा विचारेल. ती हट्टी आहे, हे तुम्हीच लिहिलंय.